दोंडाईच्याची सात-दहाची वॅगन

जळगाव
११ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप नाना व अक्का यांना दिपमालेचा साष्टांग नमस्कार.

फोनवर माणूस सहज खोटं बोलतो, कागदावर हात अडखळतो, म्हणून महत्त्वाचं असेल ते पत्रात, हा नानांचा नियम मी पाळते आहे. तर महत्त्वाचं हे, की मला काम मिळालं. मालगाडीच्या वॅगनना पट्ट्या बसवण्याचं. ठेकेदाराकडून आहे आणि डिसेंबरअखेरपर्यंतच आहे. पण काम बिनचूक झालं तर वर्षभर वाढेल, असं आमचे सुपरवायझर जितेंद्र सर म्हणाले. ‘बिनचूक’ हा शब्द ऐकल्यापासून मला नीट जेवण जात नाही.

पट्टी म्हणजे करड्या रंगाची, फूटपट्टीपेक्षा थोडी रुंद. तिच्या पोटात वॅगनचा अकरा आकडी नंबर भरलेला असतो. एका वॅगनला दोन पट्ट्या, दोन बाजूंना एक एक. प्रत्येक पट्टीला दोन रिव्हेट. रुळाशेजारी ठिकठिकाणी खांब उभे केलेत. पट्टी जवळून गेली की खांब नंबर ओळखतो आणि इथे कॉम्प्युटरवर दिसतं, अमुक वॅगन अमुक वेळी तमुक ठिकाणी. दोंडाईच्याला आपल्या घराजवळच्या फाटकापाशीही असा खांब आहे. थोडक्यात, ज्याला ही पट्टी लागली ते हरवत नाही.

नाना, तुम्ही पस्तीस वर्षं ऊन-पावसात गाडीच्या कडेने चालत हेच नंबर वहीत उतरवले. नंबर टेकरची जागा आता खांबाने घेतली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आई-बाबा धरणगावला कापसाच्या जिनिंगवर होते आणि मी आठ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुम्हा आजी-आजोबांच्या रेल्वे क्वार्टरचा ओटा. बाकीची मुलं ‘अ अननसाचा’ म्हणत होती, तेव्हा मी अकरा आकडे एका दमात वाचत होते. मुलाखतीत तेवढंच कामी आलं.

गजरी पुन्हा हरवली होती, तीन दिवसांनी शिंदखेड्याच्या रस्त्याला सापडली, असं बाबांकडून कळलं. म्हशीला एवढं फिरायचं काय असतं?

सोबत यावलच्या केळीचे वेफर्स पाठवते आहे. पत्र्याचा डबा माझा कामावरचाच आहे. आधी त्यात पट्ट्या ठेवायचे. नवा घेतला म्हणून हा स्वच्छ पुसून, तळाच्या कागदावर दुसरा कोरा कागद घालून भरला. नानांच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटलीही आहे.

तुमची
दिपमाला


दोंडाईचा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. दिपमालेस अनेक आशीर्वाद.

पत्र आणि सामान पोचलं. पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. अक्षर मात्र घाबरलेलं आहे. वेफर्स संपले. खांबाचं मला वाईट वाटत नाही. खांबाला चहा लागत नाही, एवढंच त्याचं माझ्यापेक्षा बरं.

डब्याच्या तळाची ती दुसरी वस्तूही मिळाली. तिच्याबद्दल कागदावर जास्त लिहीत नाही. पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. तू आमच्यासाठी केवढी जोखीम घेतलीस, हे आम्ही जाणतो. अक्काचे डोळे भरून आले. म्हणाली, “पोरगीले गजरीनी काळजी शे.”

वस्तूचा वापर सुरू केला आहे. अक्काने तिला तुझ्या जुन्या परकराच्या खणाची लाल पिशवी शिवली, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. मी तिच्याकडे निरखून पाहिलंसुद्धा नाही. ज्या वस्तूची नोंद करायची नाही, तिच्यावर काय लिहिलंय तेही वाचायचं नाही. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर खोटं बोलावं लागत नाही.

तुझा
नाना


जळगाव
२२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार.

तेलाचं एवढं काय? जोखीम कसली, दुकानात सरळ मिळतं. आणि तुम्ही त्याबद्दल लिहायला लाजता! या वयात गुडघे सगळ्यांचेच दुखतात. पिशवी मात्र छान केली, बाटली कलंडणार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लावा आणि लावल्यावर वारा लागू देऊ नका.

नाना, एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीची गोष्ट आहे. तीसुद्धा पट्ट्या बसवते. तिने साठ वॅगनचं काम केलं, सगळ्या रकान्यांत खुणा केल्या, आणि काल पिशवी झटकली तर त्यातून दोन रिव्हेट पडले. दोन रिव्हेट उरले याचा अर्थ एक पट्टी कुठेतरी बसवायची राहिली. आणि ती पट्टी तिच्याकडे नाही. म्हणजे ती हरवली. म्हणजे साठातल्या कुठल्यातरी वॅगनच्या एका बाजूला पट्टी नाही आणि वहीत मात्र खूण आहे. कोणती वॅगन, तेही तिला माहीत नाही. तिने दोन्ही बाजूंच्या खुणा एकदम केल्या असणार, चहाची वेळ झाली होती म्हणून.

त्या मुलीने काय करावं? ती दोन रिव्हेट रुमालात बांधून पर्समध्ये घेऊन हिंडते आहे. जेवताना उघडून मोजते. दोनच असतात.

तुमची
दिपमाला


दोंडाईचा
२७ नोव्हेंबर २०२४

चि. दिपमालेस आशीर्वाद.

तू वस्तूला ‘तेल’ म्हणतेस. हुशार आहेस. मीही यापुढे तेलच म्हणेन.

तेल लावल्यापासून गजरी एकदाही हरवली नाही. सकाळी सात-दहाला आम्ही फाटक ओलांडून पलीकडच्या शेतात जातो, संध्याकाळी साडेपाचला परत. वारा लागू न देणं मात्र जमणार नाही. म्हैस दिवसभर उघड्यावरच असते.

त्या मुलीची गोष्ट वाचली. तिला सांग, जीव लहान करू नको. पट्टी चांगल्याच घरी पडली असेल. आपल्या माणसांसाठी केलेल्या कामाला चोरी म्हणत नाहीत, असं अक्का म्हणते. माझं मत वेगळं आहे, पण या घरात माझ्या मताची नोंद होत नाही.

तुझा
नाना


जळगाव
२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप नानांस नमस्कार.

तुम्ही माझं तेल म्हशीला लावलंत?

नाना, ते औषधी तेल आहे. तुमच्या गुडघ्यांसाठी आहे. गजरी हरवत नाही याचा तेलाशी काही संबंध नाही. कृपा करून ते आधी स्वतःच्या गुडघ्याला लावा. माझी शपथ आहे.

आता खरं काम. इथे मोठा घोळ झाला आहे आणि त्यात मला तुमची मदत हवी आहे, नाना म्हणून नाही, नंबर टेकर म्हणून.

कॉम्प्युटरवर रिद्धी बसते. माझ्याच खोलीवर राहते. घरचं कापडाचं दुकान आहे, पण हिला स्क्रीन आवडते. परवा ती म्हणाली, “दिपे, दोंडाईच्याला एक वॅगन वेडी झाली आहे.” मी पाहिलं तर खरंच. एकच वॅगन, शेवटचे चार आकडे ४१७६. रोज सकाळी सात-दहाला तुमच्या फाटकापाशी येते. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा. पुढे इंजिन नाही, मागे गाडी नाही. आणि सरळ जातही नाही, खांबापाशी मागेपुढे करते. परवा एका मिनिटात चौदा वेळा केलं. त्याच वेळी हीच वॅगन सुरतेच्या पलीकडे सिमेंट भरून उभी असल्याचंही दिसतं.

जितेंद्र सर म्हणतात, टोळी असणार. रिद्धी म्हणते, भूत असणार, पण वक्तशीर आहे, म्हणजे सरकारी नसणार.

तुम्ही तर त्याच वेळी फाटकावर असता. जरा लक्ष ठेवाल का? दिसेल ते जसंच्या तसं लिहा. तुमच्या डोळ्यांसमोरून अख्खी वॅगन निसटणार नाही, याची मला खात्री आहे.

दिपमाला


दोंडाईचा
१० डिसेंबर २०२४

चि. दिपमालेस आशीर्वाद.

सोळा वर्षांनी वही उघडली. पेन्सिलीला टोक केलं. अहवाल असा:

शुक्रवार, सकाळी ७.१०. फाटक उघडं. हजर: मी, गजरी, गेटमन प्रेमराज. गजरीने खांबाला मान घासली. वॅगन नाही.

शनिवार, ७.१०. हजर: वरीलप्रमाणे. गजरीने मान घासली. खांबातून टिक् टिक् असा आवाज. चिमणी असावी. वॅगन नाही.

रविवार. तू शपथ घातलीस म्हणून गजरीला घरी ठेवलं आणि तेल पिशवीसकट माझ्या उजव्या गुडघ्याला बांधलं. चालताना त्रास होतो. फाटकावर पोचायला ७.४० झाले. दम लागला म्हणून खांबाला टेकलो. चिमणी होती. वॅगन नाही. गुडघ्याला काही फरक नाही. घरी गजरी हंबरून हंबरून थकली, म्हणून सोमवारपासून तेल पुन्हा तिलाच.

सोमवार, ७.१०. हजर: मी, गजरी, प्रेमराज. प्रेमराजने विचारलं, “नाना, काय शोधी ऱ्हायनात?” मी म्हणालो, “वॅगन.” त्याने मला चहा दिला आणि घरी कोणी आहे का, असं विचारलं.

निष्कर्ष: सदर वेळी सदर ठिकाणी माझ्या आणि म्हशीच्या शिवाय काहीही आलेलं नाही. तुमचा खांब खोटं बोलतो. पस्तीस वर्षांत माझा एकही नंबर चुकलेला नाही, हे वर कळवावे.

नाना


जळगाव
१४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप नानांस,

तुमचा अहवाल जितेंद्र सरांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. रविवारी वॅगन तीस मिनिटं उशिरा आल्याचं आमच्याकडेही दिसतं. सर म्हणाले, रविवार आहे, टोळीही उशिरा उठत असेल.

नाना, आता कागदावर हात अडखळतो आहे तरी लिहिते. ती ओळखीची मुलगी म्हणजे मीच. तुम्हाला सांगायची लाज वाटली. तुमचा एकही नंबर चुकला नाही आणि माझा पहिल्याच महिन्यात अख्खा हरवला. काल मी साठही वॅगनच्या पट्ट्यांची खांबांवरची हजेरी तपासली. एकोणसाठ वॅगनच्या दोन्ही बाजू बोलतात. एकीची गाडीबरोबर एकच बाजू बोलते, दुसरी फक्त दोंडाईच्याच्या फाटकापाशी. ती ४१७६.

म्हणजे दोंडाईच्याला जे काही हिंडतं आहे, ते माझ्या हरवलेल्या पट्टीसकट हिंडतं आहे.

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी कॅलेंडर उघडलं. मग म्हणाले, “एकोणीस तारखेला वरून मोठे साहेब येतायत. सकाळी सात वाजता आपण फाटकावर उभे राहू. चोर सापडला तर तुझी चूक लहान ठरेल. नाही सापडला तर डिसेंबर संपतोच आहे.”

तेवढं एक करा. त्या दिवशी गजरीला घरी बांधून ठेवा आणि तुम्हीही तिच्याजवळ थांबा. साहेबांच्या मध्ये म्हैस नको. ती कोणाच्याही अंगाला घासते.

तुमची (चुकलेली)
दिपमाला


जळगाव
२० डिसेंबर २०२४

तीर्थरूप नानांस,

काल सातला तुम्ही घरी होतात. तेव्हा काय झालं ते मीच लिहायला हवं.

आम्ही सातला पोचलो. मोठे साहेब मफलर गुंडाळून जीपजवळ, जितेंद्र सर हातात टॅब घेऊन, मी पर्समधला रुमाल धरून. सात-पाच झाले. सात-दहा झाले. दोन्ही बाजूंचे रूळ मोकळे. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, “कुठे आहे तुमची वॅगन?” सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुळांकडे पाहिलं. नाना, मी मनात अकरा आकडे म्हणत होते, लोक स्तोत्र म्हणतात तसे.

सात-चौदाला पलीकडून गजरी आली. गळ्यात तुटलेलं दावं. प्रेमराजभाऊ केबिनमधून तिला कुठे निघालीस म्हणून ओरडले, “कथा जाई ऱ्हायनी वं गजरी, एकलीच?” तिने कोणाकडेही पाहिलं नाही. फाटकातून रुबाबात आली आणि थेट खांबाकडे गेली. साहेब म्हणाले, “आधी या म्हशीला हटवा, वॅगन यायची वेळ झाली आहे.” तेवढ्यात टॅब वाजला.

“साहेब, वॅगन आली!” सर ओरडले.

“कुठे?”

सर एका दिशेला धावले, साहेब दुसऱ्या. गजरी मान घासत होती. टॅब वाजतच होता. नऊ वेळा, दहा वेळा. आणि तेव्हा मला तिच्या गळ्यातली लाल पिशवी दिसली. माझ्या परकराचा खण, अक्कांची टीप.

डबा. तळाचा कागद, त्याखाली राहिलेली पट्टी. तेल. सगळं एकदम कळलं. मला वाटलं गप्प बसावं. खरंच वाटलं, नाना. म्हैस आपल्या वाटेने निघून गेली असती, साहेबांनी खांब बिघडला असं लिहिलं असतं, मी सुटले असते. पण तोंडातून निघालंच, “साहेब, वॅगन हीच आहे.”

टॅब आणखी एकदा वाजला. मग साहेबांनी विचारलं, “भरलेली की रिकामी?”

मी पिशवी उसवून पट्टी काढली आणि सगळं सांगितलं. तोवर फाटक बंद झालं, मालगाडी येत होती, आणि साहेबांनी जीप काढायला लावली. मला वाटतं, त्यांना हसायचं होतं आणि आमच्यासमोर हसायचं नव्हतं.

अर्ध्या वाटेत माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. फक्त अकरा आकडे, सावकाश, एकेक. मग “जळगावकडे. इंजिनापासून एकतिसावी. माझ्या बाजूला भोकं आहेत, पट्टी नाही.” आणि फोन बंद. नाना, जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला फोन केलात आणि खुशालीसुद्धा विचारली नाहीत.

गाडी दुपारी इथे यार्डात लागली. मी एकतिसाव्या वॅगनशी गेले. ४१७६. पर्समधला रुमाल सोडला. दोन रिव्हेट, दोन भोकं. पट्टी बसली.

पण काम वाचेलच असं नाही. लेखी खुलासा मागितलाय. रिद्धी म्हणाली, “एक ओळ लिही, पट्टी चुकून पडली.” मी चार पानं लिहिली. फॉर्ममध्ये ‘पट्टी सापडली तेव्हा वॅगनची स्थिती’ असा रकाना होता. कोरा ठेवता येत नाही. मी लिहिलं, “प्रकृती चांगली, दुधावर आहे.”

दिपमाला


जळगाव
३० डिसेंबर २०२४

तीर्थरूप नाना,

दहा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. अक्का फोनवर म्हणतात, बठ्ठं बराबर शे, सगळं ठीक आहे. म्हणजे नाही.

मुदत वर्षभर वाढली. साहेबांनी माझ्या चार पानांवर शेरा लिहिला आहे: “चूक केली, लपवली, मग स्वतःच शोधून सांगितली. पहिल्या दोन गोष्टी इथे सगळेच करतात.” आता माझं काम म्हणजे एकच बाजू बोलणाऱ्या वॅगन शोधणं. आजवर सतरा सापडल्या. बाकीच्यांच्याही रुमालात रिव्हेट आहेत तर!

गजरीच्या नोंदी पुसता येत नाहीत. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरच्या तक्त्यात त्या फाटकावर वेळेवर चालण्यात ४१७६ पहिली आली आहे. साहेबांनी तो तक्ता तसाच वर पाठवला.

रागावलात का?

दिपमाला


दोंडाईचा
४ जानेवारी २०२५

चि. दिपमालेस अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही, तोंड लपवून बसलो होतो. पट्टीवर नंबर छापलेला होता. करड्या रंगावर काळे, ठसठशीत. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वॅगनचे नंबर घेतले आणि स्वतःच्या घरात आलेला नंबर वाचला नाही, का, तर सचोटी! वर मी अहवाल लिहिला की खांब खोटं बोलतो. खांबाची मी क्षमा मागितली. प्रेमराजने पाहिलं. त्याने पुन्हा चहा दिला.

त्या दिवशी गजरीचं दावं मी स्वतः हातात धरून बसलो होतो. सात वाजले तशी ती उठली. मी म्हणालो, आज सुटी आहे. तिने मान हिसडली, मी गव्हाणीत. मागे पळत आलो, पण फाटक बंद झालं होतं. पलीकडे तू रडतेस की हसतेस ते दिसत होतं, कळत नव्हतं. बंद फाटकाखालून मी कधी गेलो नाही आणि जाणारही नाही. गाडी संथ चालली होती. हात रिकामे होते, म्हणून नंबर घेत बसलो. एकतिसावा ४१७६ निघाला. पत्राने तीन दिवस लागले असते. म्हणून प्रेमराजच्या मोबाइलवरून फोन केला. कोणाला सांगू नकोस.

वर्षभराचं काम मिळालं, फार बरं वाटलं. दोन रिव्हेट जपून ठेवलेस ते मी शिकवलं नव्हतं. ते तुझं.

इथे एक नवी अडचण झाली आहे. गजरी अजूनही सात-दहाला खांबापाशी थांबते आणि मान घासते. पण आता टिक् होत नाही. मग ती तशीच उभी राहते आणि माझ्याकडे बघते. ओढली तर हलत नाही. मागे मोटारसायकलींची रांग लागते, प्रेमराज घड्याळ बघतो.

शेवटी मी खांबाशेजारी उभा राहून अकरा आकडे मोठ्याने म्हणतो. मग निघते.

तुझा
नाना